सहा व्होल्टची प्लिमथ बारावर न्यायची की नाही : माझा अनुभव

आमच्याकडे १९५० ची प्लिमथ ही अमेरिकन मोटार आहे, मूळची मामांची, आता कोल्हापुरात माझ्या दारात असते. सिस्टीम सहा व्होल्टची आणि वर पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचा प्लस बॉडीला. अशी गाडी बाळगली की भेटेल तो सांगतो, बारा व्होल्ट करून टाका, कटकट मिटेल. मी पण त्याच विचारात होतो, शेवटी केलं नाही. का नाही केलं ते बरेच जण विचारतात म्हणून सविस्तर लिहितोय.

त्रास दोन होते. सकाळी थंड गाडी सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) मारला की चालू, पण पन्हाळा चढून वर चहाला थांबलं आणि परत किल्ली फिरवली की घर्र... घर्र... आणि ठप्प. मग पोरं गोळा करा, धक्का मारा. आणि रात्री हेडलाइट इतके पिवळे की समोरच्याला गाडी येतेय एवढं कळायचं, मला मात्र रस्त्यातला खड्डा दिसायचा नाही.

इलेक्ट्रिशियन म्हणाला, "साहेब, सहा व्होल्टात दमच नसतो, अल्टरनेटर टाकून बारा करून देतो, दोन दिवसांचं काम आहे." मी काय काय बदलावं लागेल ते कागदावर लिहायला बसलो तर यादी संपेना. डायनामो (बॅटरी चार्ज करणारा जुना जनरेटर) आणि त्याचं चार्जिंग जोडणारा-तोडणारा कटआउट यांच्या जागी आजचा अल्टरनेटर, स्पार्क देणारी कॉइल, सगळे बल्ब, हेडलाइट, फ्लॅशर, हॉर्न, पेट्रोलच्या काट्याला व्होल्टेज कमी करणारा तुकडा, आणि अल्टरनेटर बाजारात मिळतो तो निगेटिव्ह अर्थचा त्यामुळे पोलॅरिटी (प्लस-मायनस) पण उलटी करायची म्हणजे चार्जिंग दाखवणाऱ्या अ‍ॅमीटरच्या वायरी अदलाबदल. सेल्फ तोच ठेवला तरी चालतो म्हणतात, आणि चालतो खरंच, पण बारावर तो इतक्या जोरात फिरतो की फ्लायव्हीलच्या रिंगचे दात मार खातात. त्यात वाल्वचा रेडिओ! तो सहा व्होल्टवरच चालणारा. मामांना विचारलं तर म्हणाले, "तुझी गाडी, तू बघ, पण रेडिओ बंद पडला तर मला सांगायला येऊ नकोस."

सरकारी बाजूने अडचण नव्हती. २०२१ च्या नियमात पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, त्यात चॅसिस, बॉडी, इंजिनमध्ये मोठा फेरफार नको असं आहे, वायरिंगचं काही नाही. म्हणजे निर्णय माझ्यावरच.

मला खटकत होतं ते वेगळंच. हीच गाडी नवी असताना अमेरिकेच्या थंडीत सहा व्होल्टवरच चालू होत होती ना? शेवरोले १९५५ ला आणि प्लिमथ १९५६ ला बारावर गेली, पण त्यामागे मोठी, जास्त कॉम्प्रेशनची व्ही-८ इंजिनं होती. आमचं साइड वाल्वचं सहा सिलिंडर, ९७ हॉर्सपॉवर, कॉम्प्रेशन सातास एक. याला फिरवायला सहा पुरायला हवेत, मग पुरत का नाहीत?

मल्टिमीटर घेऊन बसलो. मुलीला किल्ली फिरवायला लावलं, इंजिन चालू होऊ नये म्हणून कॉइलची वायर काढून ठेवली. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या खुंट्यांवर ५.३ व्होल्ट, हे ठीक. पण बॅटरीच्या मायनसपासून सेल्फच्या टर्मिनलपर्यंत १.१ व्होल्ट वाटेतच जात होते, आणि सेल्फच्या बॉडीपासून बॅटरीच्या प्लसपर्यंत अजून ०.७. म्हणजे सेल्फला मिळतात साडेतीन! यात कोण फिरणार हो. हे आकडे दोन्ही बाजूंना ०.२-०.३ च्या आत पाहिजेत.

कारण केबल बघितल्यावर कळलं. कधीतरी कुणीतरी आजच्या गाडीची २५ स्क्वेअर एमएमची केबल टाकली होती. सहा व्होल्टला तेवढ्याच ताकदीसाठी करंट दुप्पट लागतो, त्यामुळे त्याच वायरीत दुप्पट व्होल्ट जातात, आणि मुळात असतात निम्मे, म्हणजे टक्क्यात चौपट नुकसान. उद्यमनगरातून ७० स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल आणली, लग (केबलच्या टोकाच्या धातूच्या टोप्या) हायड्रॉलिक प्रेसवर दाबून घेतले. अर्थची केबल थेट इंजिनच्या बोल्टला, खालचा रंग खरवडून चकचकीत धातू काढून. सेल्फ पण खोलला, दांडा पेलणारे बुश इतके झिजलेले की गरम झाल्यावर आर्मेचर (आतला फिरणारा भाग) आत घासत होतं, घाटावरच्या दुखण्याचं निम्मं मूळ तिथे होतं. बुश, कार्बन नवीन.

हेडलाइटचं तर अजून गमतीचं. गाडी नवीन रंगवल्यापासून उजेड जास्तच खराब झाला होता, कारण दिव्यांचा अर्थ मडगार्डमधून जातो आणि पेंटरने बोल्टखाली सुद्धा झकास जाड रंग मारलेला! प्रत्येक दिव्याला वेगळी अर्थ वायर दिली आणि सहा व्होल्टचे रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) लावून करंट स्विचमधून न नेता थेट दिव्याला दिला. व्होल्टेज दहा टक्के पडलं की बल्बचा उजेड साधारण तीस टक्के पडतो, त्यामुळे एवढ्यानेच फरक डोळ्याला दिसतो. हॅलोजनसारखा नाही, पण खड्डा दिसतो.

आता पन्हाळ्यावर गाडी गरम असताना सेल्फ एका दमात उचलतो, इलेक्ट्रिशियनने स्वतः मारून बघितला आणि "आयला" एवढंच म्हणाला.

सगळं गोड झालंय असं नाही. डायनामो आयडलला चार्ज करत नाही, रात्री ट्रॅफिकमध्ये अडकलं की अ‍ॅमीटरचा काटा डिस्चार्जकडेच. बॅटरी दुकानात तयार मिळत नाही, ऑर्डर देऊन बनवून घ्यावी लागते. तुम्हाला गाडी रोज रात्री शहरात चालवायची असेल, एसी बसवायचा असेल, किंवा जुना डायनामो-रेडिओ आधीच गायब असेल तर बिनधास्त बारा करा, मी काही सहाचा भक्त नाही. फक्त आधी मीटर लावून बघा, आणि केलंच तर काढलेलं सामान भंगारात देऊ नका, खोक्यात भरून माळ्यावर टाका, पुढे विकताना गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं.