गाडी चालतच नाही, मग सर्व्हिसिंग काहून?

नवतपा, म्हणजे मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस, लागून तीन दिवस झाले होते. दुपारी सव्वाला बाबांचा फोन आला, "गाडी सेल्फच नाही घेऊन राहिली." बाबा ७४ वर्षांचे. बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीत, बँकेचं काम आटोपून गाडीत बसले, चावी फिरवली, टक् टक् आवाज आला आणि सगळं बंद. काचा बंद, एसी बंद, वर नागपूरचं मे महिन्याचं ऊन. मी तेव्हा बुटीबोरीत, कंपनीत. कितीही घाई केली तरी पोचायला तास लागणार. "आधी गाडीतून उतरा, परत बँकेत जाऊन बसा," एवढंच मी ओरडून सांगितलं. शेजारच्या पानठेल्यावरच्या भाऊंनी त्यांना पाणी दिलं, कुणाच्या तरी गाडीच्या बॅटरीला केबल लावून गाडी सुरू करून दिली. बाबा सुखरूप घरी आले. पण तो तास मी विसरलेली नाही. आपल्या शहरात मे महिन्यात गाडी बंद पडणं हा तब्येतीचा प्रश्न असतो.

गेल्या दोन-तीन वर्षांत बाबांशी माझं एकच भांडण होतं. "बाबा, सर्व्हिसिंग?" "अगं, चालतेच कुठं ती? प्रतापनगरातून बर्डी, नाहीतर टेकडी गणपती. वर्षाला तीन हजार किलोमीटर होत नाही. काहून पैसे घालायचे?" सर्व्हिस बुकात दहा हजार किलोमीटर लिहिलंय, ते त्यांना पाठ. त्याच ओळीत पुढे 'किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' असं आहे, तिकडे त्यांचं लक्ष जात नव्हतं. खरं सांगायचं तर माझंही गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रींनी डिपस्टिक काढून कपड्यावर पुसली. ऑइल काळं, पाण्यासारखं पातळ, त्याला पेट्रोलचा वास. ते अडीच वर्षांपूर्वी टाकलेलं होतं. त्यांनी जे समजावलं ते मला फार पटलं. तीन-चार किलोमीटरच्या फेरीत इंजिन नीट तापतच नाही. गार इंजिनात न जळलेलं थोडं पेट्रोल आणि दमटपणा ऑइलमध्ये उतरतो. लांब पल्ल्यावर ऑइल चांगलं तापलं की तो उडून जातो, छोट्या फेऱ्यांत साचत राहतो. बॅटरीचंही तसंच. एकदा सेल्फ मारला की बॅटरीतून बरंच काही जातं, ते भरून निघायला गाडी थोडा वेळ धावावी लागते. बाबा दहा मिनिटं चालवून बंद करत, त्यातही एसी आणि पंखा फुल. त्यात आपल्याकडची उष्णता बॅटरीचं आयुष्य खाते. त्यांची बॅटरी चार वर्षांची होती. थंडीत गाडी सुरू होत होती म्हणून ती चांगली आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

उभ्या गाडीची आणखीही दुखणी निघाली. अंगणातल्या कडुनिंबाची पानं काचेच्या खालच्या जाळीत भरली होती. पावसाळ्यात तिथे पाणी तुंबून गाडीत उतरलं असतं. वायपरचं रबर उन्हानं कडक झालेलं. ब्रेक ऑइल कधी बदललं, कुणालाच आठवेना. ते हवेतला ओलावा ओढतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. गाडी चालो न चालो.

माझ्या गाडीला हे काहीच होत नाही. रोज वर्धा रोडनं जाऊन-येऊन साठ किलोमीटर, इंजिन मस्त तापतं. माझी काळजी ब्रेक आणि दिव्यांची. हिवाळ्यात परत येताना अंधार पडलेला असतो आणि पुढच्या ट्रकचा मागचा लाल दिवा असेलच, याची खात्री नाही. दर सोमवारी हेडलाइटच्या काचा पुसते, मागचे दिवे भिंतीजवळ गाडी लावून बघते. ब्रेक पॅड दर सर्व्हिसिंगला डोळ्यांनी बघून घेते.

पण सगळ्यात जास्त भीती मला धाकट्या भावाच्या गाडीनं घातली. तो छत्रपती संभाजीनगरला असतो. रोज कंपनीच्या बसनं जातो, गाडी महिनोन्‌महिने पार्किंगमध्ये, आणि दिवाळीला बायको, दोन पोरं, सामान घेऊन एकदम समृद्धी महामार्गावर. ११ डिसेंबर २०२२ ला नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला तेव्हापासून तो असाच येतो. कारला १२० ची मर्यादा, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. रस्ता सरळ, तासन्‌तास तोच वेग.

मागच्या दिवाळीला तो आला. सकाळी मी सहज म्हणून सगळ्या गाड्यांची हवा बघायला पंक्चरवाल्याकडे नेल्या. त्यानं भावाच्या गाडीच्या मागच्या चाकावर हात फिरवला आणि म्हणाला, "ताई, हे पाहा." टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा. नक्षी मात्र जवळजवळ नवी. टायरवरच्या चौकटीत चार आकडे होते, २३१७. म्हणजे २०१७ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेलं. टायर झिजलं नव्हतं, म्हातारं झालं होतं. त्यावर बसून माझी भाचरं आदल्या रात्री नागपूरला आली होती. भाऊ कितीतरी वेळ काही बोललाच नाही. चारही टायर त्याच दिवशी बदलले.

एक गोष्ट मात्र मी सगळ्यांना हात जोडून सांगते. "उन्हाळा आहे, हवा थोडी कमीच ठेवा," हा सल्ला आपल्याकडे फार चालतो. तो ऐकू नका. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, जास्त दुमडते आणि त्यानंच टायर तापतं. वेगात टायर फुटण्याचं ते मोठं कारण आहे. ड्रायव्हरच्या दाराजवळ जो आकडा चिकटवलेला असतो तोच ठेवायचा. पाच माणसं आणि सामान असेल तर त्यासाठी वेगळा आकडा बहुतेक वेळा तिथेच दिलेला असतो. हवा मोजायची गार टायरवर, सकाळी निघण्याआधी. चालून आल्यावर आकडा वाढलेला दिसतो, तेव्हा हवा सोडायची नाही. आणि मागे बसणाऱ्यांनीही पट्टा लावायचा. पोरांना मांडीवर घेणं माया वाटते, पण १२० च्या वेगात कुठलीच आई पोराला हातानं धरून ठेवू शकत नाही. वहिनीला हे मी रागावून सांगितलं. ती आता मुलांच्या सीटशिवाय निघत नाही.

भाऊ आता निघण्याच्या आठवडाभर आधी गाडी बाहेर काढतो, टायरभोवती फिरून बघतो, स्टेपनीचीही हवा मोजतो. दर दोन तासांनी थांबतो आणि मला फोन करतो.

बाबांसाठी मी हवा मोजायचं छोटं मीटर आणलं. दर पंधरा दिवसांनी एका रविवारी, ऊन चढायच्या आधी, आम्ही दोघं त्यांची गाडी घेऊन खापरीच्या पुढे जाऊन येतो. चांगला पाऊण तास धावते. परत आल्यावर बाबा त्यांच्या जुन्या डायरीत तारीख, किलोमीटर आणि चारही चाकांची हवा लिहितात. परवा मला म्हणाले, "डाव्या पुढच्यात दोन पॉइंट कमी आहे, दुपारच्या आत दाखवून येऊ." आम्ही नाश्ता न करताच निघालो. टायरमध्ये बारीक खिळा होता.