बँकेवरची १६ वर्षं

इंग्लंडमधल्या ईझिंग्टन कॉलिअरी या कोळसाखाणीच्या गावात डॉक्टर म्हणून नवा होतो तेव्हा एका म्हाताऱ्याला विचारलं, काय काम करायचात? "अ‍ॅट बँक," तो म्हणाला. मी कार्डावर 'बँक कर्मचारी' लिहिलं. आमची नर्स दोन दिवस हसत होती. डरहॅमच्या खाणकामगारांच्या बोलीत बँक म्हणजे खाणीच्या तोंडाशी असलेली जमीन, वरचं जग. मिरजेच्या कॉलेजात हे कोण शिकवणार?

पुढे २००३ मध्ये याच शब्दापाशी एक पेशंट अडकला.

तोवर खाण बंद होऊन १० वर्षं झाली होती. १९९३ हे ती बंद पडण्याचं वर्ष, आणि खाणकामगारांचा दम्यासारखा आजार, म्हणजे क्रॉनिक ब्राँकायटिस आणि एम्फिसीमा, धंद्यामुळे होतो हे सरकारने मान्य केल्याचंही तेच वर्ष. २००३ मध्ये त्यासाठी सरकारी भत्ता मिळायला अटी होत्या दोन. पहिल्या सेकंदात फुंकलेली हवा अपेक्षेपेक्षा एक लिटरने कमी हवी किंवा मुळातच एक लिटरच्या आत हवी. आणि जमिनीखाली २० वर्षं काम केलेलं हवं.

फुंकून घेणं हे माझं आवडतं काम. पेशंटला ताठ बसवायचं, नाकाला चिमटा लावायचा, छाती पूर्ण भरू द्यायची आणि मग शेजारी उभं राहून ओरडायचं, "अजून, अजून, थांबू नका!" तीन फुंकरी जवळपास सारख्या येईपर्यंत मी सोडत नाही. एका फुंकरीवर आकडा लिहून मोकळे होणारे सहकारी होते. 'सिगारेट' एवढाच शब्द लिहून पेशंट परत पाठवणारे तज्ज्ञही होते. सिगारेट तर माझा हा पेशंटही ओढायचाच. पण त्याच्या कपाळावर आणि बोटांवर निळे व्रण होते. जखमेत कोळशाची पूड राहते आणि वरून कातडी धरते, गोंदल्यासारखी.

तिसरी फुंकर ०.९ लिटर. पहिली अट पुरी झाली.

मग वर्षं मोजायला बसलो. १९४४ मध्ये १४व्या वर्षी तो स्क्रीन्सवर लागला. वर आलेला कोळसा सरकत्या पट्ट्यावरून जातो, त्यातले दगड हातांनी वेचायचे. शेडमध्ये पुढचा माणूस दिसू नये इतकी धूळ. १९४८ मध्ये तो खाली उतरला. २९ मे १९५१ च्या पहाटे स्फोट झाला, सुटकेला गेलेल्या दोघांसकट ८३ माणसं गेली, त्या दिवशी त्याची पाळी दुपारची होती. याबद्दल तो एवढंच बोलला. १९६२ मध्ये छत कोसळून पाठ गेली आणि तो पुन्हा स्क्रीन्सवर आला, आणखी १२ वर्षं.

जमिनीखाली १४. बँकेवर, त्या धुळीत, १६.

मी म्हणालो, "नीट आठवा. नंतर अधूनमधून खाली जावं लागलं असेल ना?" जे सुचवायचं ते त्याला कळलं. चष्मा काढून त्याने पुसला. "डॉक्टर, खाली कोण कोण होतं हे मला माहीत आहे. मी नव्हतो." मग दारापर्यंत तो दोनदा थांबून गेला.

पत्रात मी १४ वर्षं लिहिली. १६ लिहिलीच नाहीत; नियमात बसत नव्हती, उगाच कागद का वाढवा? अर्ज नामंजूर झाला. २००५ मध्ये तो गेला.

जुलै २००८ मध्ये नियम बदलला. १९८३ पूर्वीचं स्क्रीन्सवरचं काम धरायचं ठरलं, वरची दोन वर्षं म्हणजे खालचं एक. परिपत्रक आलं त्या संध्याकाळी मी त्याची फाईल काढून बसलो. १४ अधिक ८, २२. माझ्या पत्राची प्रत वरच होती. त्यात स्क्रीन्स हा शब्द कुठेच नव्हता.