२०३२ चा दगड आणि आमच्या ग्रुपवरचे अंदाज

सायन्सची मोठी बातमी आली की आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर आधी जोक पडतो आणि मला ते मनापासून आवडतं. काहींना पटत नाही, म्हणतात एवढा गंभीर विषय आणि तुम्ही काय टिंगल लावलीय. पण जोक करायला सुद्धा बातमी थोडी तरी डोक्यात शिरावी लागते, आणि ज्याला अंदाज बांधायचाय त्याला तर ती शेवटपर्यंत वाचावीच लागते. घोडबंदर रोडवरच्या आमच्या या ग्रुपवर पाणी कधी येणार आणि लिफ्ट कधी चालू होणार याच्या मधोमध लघुग्रहाच्या कक्षेवर चर्चा झालीय, आणि चांगली झालीय, म्हणून लिहून ठेवतेय.

सगळ्यात जास्त रंगला तो २०२४ वायआर४ हा लघुग्रह. २७ डिसेंबर २०२४ ला चिलीमधल्या अ‍ॅटलास दुर्बिणीला तो सापडला आणि जानेवारी संपता संपता बातमी आली की २२ डिसेंबर २०३२ ला हा पृथ्वीवर आदळायची शक्यता एक टक्क्याच्या वर गेलीय. त्यात तो कुठे पडू शकतो याचा एक लांबलचक पट्टा काढलेला, पॅसिफिकच्या पूर्व भागातून दक्षिण अमेरिकेचं वरचं टोक, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र करत करत दक्षिण आशियापर्यंत, आणि बातम्यांमध्ये धोक्याच्या शहरांत मुंबईचं नाव झळकलं. मग काय विचारता! "२०३२ पर्यंत घोडबंदरचं काम संपवा म्हणावं, पळायला रस्ता तरी मोकळा पाहिजे." "होम लोन वीस वर्षांचं आहे, बँकेला आत्ताच कळवू का?" "आता बिल्डर क्रेटर व्ह्यू म्हणून जास्तीचे पैसे लावणार." माझी नणंद ऐरोलीला राहते, तिचा मेसेज आला, "वहिनी, तो पट्टा खाडीच्या तुमच्या बाजूला आहे की आमच्या, तेवढं आधी सांग." मी खूप हसले, आणि मग खरंच नकाशा उघडून बसले, कारण प्रश्न बरोबर होता. पट्टा हजारो किलोमीटर लांब, दगड चाळीस ते नव्वद मीटरचा. पट्ट्यात नाव आहे म्हणजे आपल्या डोक्यावर येतोय असं नाही, तर आदळलाच तर त्या अख्ख्या पट्ट्यात कुठेतरी, आणि त्यातला बराचसा भाग नुसता समुद्र. एवढं नणंदेला सांगायला मला अर्धा तास वाचावं लागलं आणि त्या अर्ध्या तासाचं श्रेय तिच्या जोकला.

मग आकडा चढायला लागला. १८ फेब्रुवारीला नासाने ३.१ टक्के सांगितले, म्हणजे बत्तीसात एक, एवढ्या किंवा याहून मोठ्या दगडासाठी त्यांनी नोंदवलेली आजवरची सगळ्यात जास्त शक्यता. ग्रुपवरचे जोक पातळ झाले. एका वहिनींनी सरळ विचारलं, "वाढतंच चाललंय की, म्हणजे खरंच पडणार का हो?" यावर बी विंगमधल्या काकांनी, जे रेल्वेतून रिटायर झालेत, जे लिहिलं ते मी जसंच्या तसं सेव्ह करून ठेवलंय:

"वहिनी, समजा तुम्ही ठाणे स्टेशनवर पाच नंबरला उभ्या आहात. गाडी एक ते दहापैकी कुठे लागणार माहीत नाही. तुमचा चान्स दहात एक. अनाउन्समेंट झाली, एक, दोन, नऊ आणि दहावर येणार नाही. आता तुमचा चान्स सहात एक. गाडी तुमच्याकडे वळली का? नाही वळली. बाकीचे प्लॅटफॉर्म गळाले फक्त. पुढची अनाउन्समेंट, गाडी सातवर येत आहे. संपलं, तुमचा चान्स शून्य."

मी या विषयावर नंतर बरंच वाचलं, इंग्लिशमधले लांब लांब लेख वाचले, पण यापेक्षा चांगलं समजावलेलं कुठे सापडलं नाही. सुरुवातीला दगड थोडेच दिवस पाहिलेला असतो, त्यामुळे २०३२ मध्ये तो नेमका कुठे असेल याची जागा खूप पसरट असते, पृथ्वी त्यात एक ठिपका. जसजसे नवे फोटो मिळतात तशी ती जागा आवळत जाते, आणि पृथ्वी अजून आतच असेल तर तिच्या वाट्याचा टक्का वाढतो. मग एक दिवस ती आवळलेली जागा पृथ्वीच्या बाजूला सरकते आणि टक्का धपकन पडतो. तसंच झालं, २४ फेब्रुवारीला नासाचा आकडा होता ०.००४ टक्के. अपोफिस नावाच्या दुसऱ्या लघुग्रहाचं पण हेच झालेलं, डिसेंबर २००४ मध्ये तो २.७ टक्क्यांपर्यंत चढला आणि मग उतरला. आमच्या ग्रुपवर काकांचा मेसेज ज्यांनी वाचलेला त्यांना काहीच आश्चर्य वाटलं नाही. पण दुसऱ्या एका ग्रुपवर, तिथे काका नाहीत, लगेच चालू झालं की बघा, घाबरून आकडा खाली केला, लोकांपासून लपवतायत. मला याचं फार वाईट वाटतं. माणसं रात्र रात्र जागून, चिलीत आणि हवाईत आणि कुठे कुठे, एका अंधुक ठिपक्याचे फोटो घेत होती, रोजचा आकडा जगासमोर उघडा ठेवत होती, वाढला तरी आणि कमी झाला तरी, आणि आपण म्हणणार लपवतात.

त्याच दिवसांत एका कॉलेजातल्या मुलाने टाकलं की नव्वद मीटर म्हणजे आपल्या टॉवरएवढा, त्याने काय होणार. आता हा अंदाज तपासता येण्यासारखा होता म्हणून तपासला. ३० जून १९०८ ला सैबेरियात तुंगुस्काला साधारण पन्नास-साठ मीटरचा दगड हवेतच फुटला असं मानतात, आणि दोन हजार चौरस किलोमीटरहून जास्त जंगल आडवं झालं. दोन हजार! ठाणे, मुंबई, नवी मुंबई सगळं धरूनही जागा उरेल. १५ फेब्रुवारी २०१३ ला रशियातच चेल्याबिन्स्कला फुटला तो तर वीसेक मीटरचा. तिथे आधी डोळे दिपवणारा प्रकाश आला, लोक काय झालं बघायला खिडकीशी गेले, आणि दोनेक मिनिटांनी धक्क्याची लाट पोचली. काचा फुटल्या, दीड हजाराच्या आसपास लोक जखमी झाले, बहुतेक काचांनीच. प्रकाश लगेच पोचतो, धक्का मागून येतो. आमच्या बिल्डिंगला हॉलभर काच आहे, त्यामुळे हे मी ग्रुपवर लिहिलं आणि आता आमच्याकडे लहान पोरांना पण पाठ आहे की आकाशात लख्ख काही दिसलं की खिडकीपासून लांब व्हायचं. एका जोकवरून इथपर्यंत आलो आम्ही.

नंतर वायआर४ चंद्रावर आदळण्याची शक्यता निघाली, जून २०२५ मध्ये ती ४.३ टक्के सांगत होते, आणि आमच्या सासूबाईंचा प्रश्न आला की चंद्राला काही झालं तर संकष्टीचा उपास कधी सोडायचा. चंद्राला काही होत नाही, आदळलाच तर एक नवा खड्डा पडेल साधारण किलोमीटरभराचा, तिथे असे लाखो आहेत. उपास नेहमीसारखाच सुटेल.

अंदाजांचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण मात्र आपल्या लोणारचं. जून २०२०, लॉकडाऊन, सगळे घरात, आणि बुलढाण्यातलं लोणारचं पाणी गुलाबी झालं. उल्केने पडलेलं विवर, १.८ किलोमीटर व्यासाचं, त्यामुळे लोकांची कल्पना सुटली ती सुटलीच, कुणी म्हणे होळीचा रंग सांडला, कुणी म्हणे उल्केतलं काहीतरी जागं झालं. नेरूळची माझी एक मैत्रीण, जी थंडीत रोज सकाळी खाडीवर फ्लेमिंगो बघायला जाते, तिने लिहिलं की फ्लेमिंगोचा गुलाबी रंग खाण्यातून येतो, तेव्हा इथेही पाण्यात काहीतरी जिवंतच असणार, आणि पाणी कमी होऊन खारटपणा वाढला असेल तर त्याची वाढ झाली असेल. वनखात्याने नमुने पाठवले, पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं, आणि निघाले हॅलोआर्किया, खारट पाण्यात राहणारे, गुलाबी रंगद्रव्य बनवणारे सूक्ष्मजीव. नमुना थोडा वेळ नुसता ठेवला की ते तळाशी बसायचे आणि वरचं पाणी चक्क स्वच्छ. मैत्रिणीचा अंदाज पूर्ण बरोबर होता असं नाही, पण तो चुकीचा ठरू शकेल असा होता, यातच सगळं आलं. "उल्केतलं काहीतरी जागं झालं" हे कोण आणि कसं तपासणार?

म्हणूनच थ्रीआय अ‍ॅटलास या धूमकेतूच्या वेळी मी वैतागले. १ जुलै २०२५ ला सापडला, सूर्यमालेच्या बाहेरून आलेली ही तिसरीच गोष्ट, २०१७ मध्ये ओमुआमुआ आणि २०१९ मध्ये बोरिसोव्हनंतर. केवढी मोठी बातमी! एलियनला सानपाड्यात पार्किंग मिळालं नाही म्हणून यू टर्न मारला, हा जोक मी स्वतः चार जणांना पाठवला. पण ऑक्टोबरमध्ये "नासाने फोटो दाबले" असे फॉरवर्ड सुरू झाले आणि मला राहवेना. मंगळाभोवतीच्या यानाने फोटो काढले होते, पण अमेरिकेत १ ऑक्टोबरपासून सरकारी कामकाजच बंद होतं, ते १२ नोव्हेंबरला उघडलं आणि १९ नोव्हेंबरला फोटो आले. फोटोत धूमकेतूच होता, गॅसचं आणि धुळीचं आवरण असलेला. हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ अवी लोब यांनी परग्रहावरच्या यानाची शक्यता बोलून दाखवली होती, तो त्यांचा अंदाज, त्यांनी स्वतःच्या नावाने मांडला, ठीक. तोच पुढे कुणी "शास्त्रज्ञांनी मान्य केलं" असं लिहून पाठवतो तेव्हा मी ग्रुपवर भांडते आणि भांडत राहणार.

सध्या आमच्याकडे अपोफिसवर पैजा लागल्यात. १३ एप्रिल २०२९, शुक्रवार, साडेतीनशे मीटरच्या आसपासचा दगड पृथ्वीच्या पृष्ठभागापासून साधारण ३२ हजार किलोमीटरवरून जाणार, म्हणजे आपले टीव्हीचे सॅटेलाइट असतात त्याच्याही आतून. आदळणार नाही, ते पक्कं झालंय. आपल्या घड्याळात तेव्हा १४ तारखेची पहाट असेल, सव्वातीनचा सुमार, आंबेडकर जयंतीची सुट्टी, त्यामुळे जागायला कुणाची ना नाही. पैज अशी की पृथ्वीच्या ओढीने त्याच्या अंगावरचे दगडगोटे हलतील की नाही. शास्त्रज्ञांचाही हा उघडा प्रश्न आहे आणि नासाचं ओसायरिस-एपेक्स यान नेमकं हेच बघायला त्याच्याजवळ जाणार आहे. हरणाऱ्याने सगळ्यांना मामलेदारची मिसळ द्यायची असं ठरलंय. काका म्हणतात काही हलणार नाही, एवढा वेळच मिळणार नाही. मी "हलतील"च्या बाजूने आहे, निदान उतारावरचे तरी. नणंदेने अजून बाजू सांगितली नाहीये, ती म्हणते आधी त्याचा उतार किती ते वाचते.