निनावी परीक्षणे आणि अनुमानाचा प्रश्न

लातूरमध्ये राज्यसेवा पूर्वपरीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मी उताऱ्यांचे आकलन शिकवते. उत्तर उताऱ्यात शब्दशः असेल तर ही मुले ते पटकन शोधतात. जे लिहिलेले नाही, पण लिहिलेल्यावरून निघतेच, तेथे मात्र त्यांचे गुण जातात. आकलनातल्या चुकीच्या उत्तराला त्या प्रश्नाचे एक चतुर्थांश गुण कापले जातात, त्यामुळे हे नुकसान दुहेरी असते.

अलीकडे मी इंग्रजी लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांच्यावर एक छोटा उतारा तयार केला. त्यात एवढेच होते: 1905 पासून त्या लंडनच्या ‘टाइम्स लिटररी सप्लिमेंट’साठी पुस्तकपरीक्षणे लिहू लागल्या, ही परीक्षणे निनावी छापली जात आणि त्यांची पहिली कादंबरी 1915 साली प्रसिद्ध झाली. यावरून कोणते अनुमान निघते, असे विचारल्यावर बहुतेकांनी निवडलेला पर्याय होता, ‘स्त्री असल्यामुळे त्यांचे नाव दडवले गेले.’ औशाकडच्या एका मुलीने तर तो ठामपणे मांडला आणि मला तिचे म्हणणे समजत होते, कारण शेतात आयुष्यभर राबणाऱ्या बाईचे नाव सातबाऱ्यावर नसते हे तिने घरीच पाहिले आहे. तिची चीड खरी आहे. पण उताऱ्यात निनावीपणाचे कारणच दिलेले नाही.

‘परीक्षणे लिहिल्यामुळेच त्या कादंबरीकार झाल्या’ हा पर्यायही असाच आहे, कारण उतारा फक्त क्रम सांगतो. टिकतो तो सर्वांत साधा पर्याय: ‘केवळ छापील परीक्षण वाचून ते कोणी लिहिले हे वाचकाला कळत नसे.’ मी मुलांना पेन्सिलीने एकेक वाक्य खोडायला लावते. निनावीपणाचे वाक्य खोडले की हा पर्याय कोसळतो, म्हणजे तो त्याच वाक्यावर उभा होता. कोणतेही वाक्य खोडून ज्या पर्यायाला काहीच फरक पडत नाही, तो उताऱ्याबाहेरून आलेला असतो.

मग मी उताऱ्यात आणखी एक वाक्य जोडले: त्या नियतकालिकातील परीक्षणे, लेखक पुरुष असो वा स्त्री, 1974 पर्यंत निनावीच छापण्याची पद्धत होती. आतापर्यंत केवळ निराधार असलेला पहिला पर्याय या वाक्याच्या थेट विरोधात गेला, आणि त्या मुलीने मी काही बोलण्याआधीच त्यावर काट मारली.