चेक लाईट नाही, धूर नाही, तरी पिकअप ओढत नाही

सेकंडहँड घेतलेली पिकअप होती. २०१४ चं मॉडेल, अडीच लिटरचं चार सिलिंडर कॉमन रेल डिझेल (एका सामायिक नळीत, म्हणजे रेलमध्ये, डिझेल जास्त दाबाने साठवून फवारणारं), हवा दाबून भरणारा टर्बो आणि ती हवा थंड करणारा इंटरकूलर, बीएस-४. काम रोजचं एकच: वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटातून माल भरायचा आणि दादर-भायखळ्याला उतरवायचा. मालकाची तक्रार अशी होती: "भाऊ, गाडी उठतच नाही. खाडी पुलाच्या चढाला दुसऱ्यात येते. सपाटीलाही पन्नास-पंचावन्नच्या वर जायचं नाव घेत नाही."

मानखुर्दला आमच्या शेडमध्ये येईपर्यंत एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर बदलून झाले होते. एका गॅरेजने चारही नोझल, म्हणजे डिझेल फवारणारे इंजेक्टर, बदलायला सांगितलं होतं, दुसऱ्याने टर्बो. लोडवर ट्रायल मात्र दोघांनीही मारली नव्हती. स्कॅनर लावला तर बिघाडाचा एकही कोड नाही, चेक लाईट बंद, सायलेन्सरमधून काळा, पांढरा, निळा कसलाच धूर नाही. आयडलिंग एकसारखं, स्टार्टिंग पहिल्या सेल्फला.

अशा गाडीवर पाना लावण्याआधी एक गोष्ट ठरवून घ्यावी लागते. इंजिनाकडे ताकद मागितली जाते आहे का? मागूनही ते देत नाही का? की देतंय आणि मधेच कुठे खाल्ली जाते आहे? तिन्हीत ड्रायव्हर एकच वाक्य बोलतो, "ओढत नाही". आणि बहुतेक गॅरेजं दुसरा प्रश्न गृहीत धरून थेट नोझलवर जातात, कारण बिल तिथेच होतं.

तिसरा प्रश्न लवकर निकालात निघाला. न्यूट्रलला गाडी मोकळी घरंगळत होती. रस्त्यावरून आल्याबरोबर इन्फ्रारेड थर्मामीटरने चारही हब पाहिले. पुढच्या जोडीत आणि मागच्या जोडीत डाव्या-उजव्याचा फरक दहा अंशांच्या आत होता, म्हणजे ब्रेक धरून राहत नव्हता. चौथ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवर एकदम रेस दिली तर आरपीएम उडत नव्हता, म्हणजे क्लच स्लिप नाही. सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरआधी गेज लावून मागचा दाब पाहिला, तोही नाममात्र.

इग्निशन ऑन, इंजिन बंद ठेवून मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या पाईपातला, दाब १०० किलोपास्कल दिसला. मुंबई समुद्रसपाटीला आहे, त्यामुळे इथे तो वातावरणाच्या दाबाइतका म्हणजे १०० च्या आसपासच दिसला पाहिजे. ८५ किंवा ११५ दिसला असता तर आधी सेन्सर आणि त्याची वायर पाहावी लागली असती. उभ्या गाडीत अ‍ॅक्सिलरेटर तळाला दाबला तर स्कॅनरवर पेडल ० ते १०० टक्के व्यवस्थित गेलं. पुष्कळ लोक इथेच पेडलवर बरोबरची खूण करून पुढे जातात. या गाडीत तीच खूण फसवी होती, ते पुढे येईल.

रिकाम्या पिकअपवर ही तक्रार कळतच नाही. बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, पाऊणच असला तरी रिकामी गाडी पळते. म्हणून मालकाला सांगितलं, ट्रायल माल भरल्यावर. पन्नास किलोच्या चोवीस गोण्या, म्हणजे बाराशे किलो कांदा भरून पहाटे वाशीहून निघालो. गाडी मालक चालवत होते, मी शेजारी स्कॅनर आणि मोबाईलचा जीपीएस घेऊन बसलो. स्कॅनरवर निवडक गोष्टीच लावल्या: आरपीएम, पेडल, रेल प्रेशर मागितलेला आणि प्रत्यक्ष, मॅनिफोल्डचा दाब मागितलेला आणि प्रत्यक्ष, इंजेक्शनचं प्रमाण, गाडीचा वेग. वीस पॅरामीटर लावले की स्कॅनर प्रत्येकाला सेकंद-दोन सेकंदांनी एकदा वाचतो आणि ज्या क्षणी बिघाड दिसतो तोच क्षण निसटतो.

पुलाच्या चढावर तिसऱ्यात, १५०० आरपीएमपासून पेडल तळाला ठेवून ओढायला लावलं. २४०० आरपीएमला रेल प्रेशर मागितलेला १२५० बार, प्रत्यक्ष १२३० ते १२६०. म्हणजे पंप, फिल्टर, रेलचा व्हॉल्व्ह, टाकीपासूनची लाईन, सगळं ठीक. फिल्टर चोंदला असता किंवा लाईन हवा खेचत असती तर लोडवर प्रत्यक्ष आकडा मागे पडला असता. मॅनिफोल्डचा दाब मात्र मागितलेला १९० किलोपास्कल आणि प्रत्यक्ष १५०. इंजेक्शन एका स्ट्रोकला ३१ मिलिग्रॅम.

इथे पहिला दोष सापडला: हवा कमी. मग काळा धूर का नाही? कारण या गाडीत धुराची मर्यादा मॅनिफोल्डच्या दाबावरून ठरते. ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, दिसतं की हवा कमी आहे, तो त्या हिशेबाने डिझेल कापतो. गाडी मंद होते, पण स्वच्छ राहते. ज्या गाड्यांत हवा मोजणारा एअर-फ्लो सेन्सर फिल्टरजवळ असतो आणि डिझेल त्यावर ठरतं, तिथे याच्या उलट होतं. सेन्सर सगळी हवा मोजतो, त्यातली काही टर्बोच्या पुढे गळून जाते, डिझेल मात्र मोजलेल्या हवेइतकं पडतं आणि काळा लोट येतो. त्यामुळे "धूर नाही म्हणजे हवा ठीक" हे जुन्या मेकॅनिकल पंपावरून आलेलं गणित कॉमन रेलला सरसकट लावता येत नाही. कोड का नाही, याचंही उत्तर असंच आहे. दाबातला फरक ठराविक उंबरठ्याच्या वर आणि सलग काही सेकंद राहिला तरच ईसीयू कोड नोंदवतो. शहरात तेवढा वेळ कोण पेडल तळाला ठेवतं?

पूल उतरून सपाटीला लागलो आणि चौथ्यात वेग वाढवला. मीटरवर ५४, जीपीएसवर ५२. त्या क्षणी मालकाचा पाय तळाला होता आणि स्कॅनरवर पेडल १०० वरून ४० टक्क्यांवर आलं. वेग पन्नासच्या खाली आला की परत १००. पुन्हा ओढलं, पुन्हा त्याच ठिकाणी ४०. रेल प्रेशर आणि बूस्ट दोन्ही मागणीसोबत खाली येत होते, कारण मागणीच कमी झाली होती. इथे इंजिनाचा काहीच दोष नव्हता, त्याच्याकडे कोणी ताकद मागतच नव्हतं.

म्हणजे चढाचा दोष वेगळा आणि सपाटीचा दोष वेगळा. मालकाच्या दृष्टीने मात्र गाडी एकच आणि तक्रारही एकच.

आधी हवेचं पाहिलं. टर्बोच्या तोंडाचा एअर फिल्टरकडून येणारा पाईप काढला आणि तिथे टायरचा व्हॉल्व्ह बसवलेला प्लग क्लिपने घट्ट केला. कॉम्प्रेसरला रेग्युलेटर लावून हळूहळू १ बारपर्यंत हवा भरली. गॅरेजचा कॉम्प्रेसर आठ बारवर असतो, रेग्युलेटरशिवाय लावला तर होज किंवा इंटरकूलरची टोपी उडते आणि प्लग थेट तोंडावर येतो, म्हणून प्लगच्या समोर उभं राहायचं नाही. थोडी हवा व्हॉल्व्ह आणि रिंगांमधून जाणारच, ऑइल भरायच्या झाकणापाशी बारीक फुसफुस आली तर घाबरायचं कारण नाही. मग प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी.

०.३ बारला कुठेच फेस आला नाही. ०.७ च्या आसपास इंटरकूलरकडून मॅनिफोल्डकडे जाणाऱ्या खालच्या होजला, क्लिपच्या कडेने, खालच्या अंगाला बुडबुडे फुटले. वरून पाहिलं तर होज अगदी धडधाकट. खालून आरसा धरला तेव्हा ऑइल आणि धूळ मिळून झालेला बोटभर रुंदीचा काळा पट्टा दिसला. पट्टा पुसल्यावर बारीक वळणाची चीर सापडली, जेमतेम नखाएवढी. दाब नसताना तिचे ओठ बंद असतात, दाब आला की उघडतात. त्यात लोडवर इंजिन माउंटिंगवर कलतं आणि होजला ओढ बसते, चीर आणखी फाकते. म्हणूनच शेडमध्ये उभ्या गाडीला नुसती रेस देऊन हा लीक कधी ऐकू येत नाही.

कारण क्लिपच होतं. अरुंद पट्ट्याची, दातेरी स्क्रूवाली साधी क्लिप कोणीतरी जीव खाऊन आवळली होती. तिची धार रबरात रुतून होज तिथेच कापला. नवा होज कापडाच्या थरांचा घेतला, दोन्ही टोकांना टी-बोल्टची रुंद क्लिप. बसवण्याआधी पाईपच्या तोंडावरचं ऑइल क्लीनरने पूर्ण काढावं लागतं, नाहीतर ऑइलच्या थरावरून होज पहिल्याच चढाला निसटतो. इंटरकूलर खाली घेऊन त्यातलं साठलेलं ऑइलही उपसलं. चमचा-दोन चमचे निघालं, या वयाच्या टर्बोला ते चालतं. अर्धा कप निघाला असता तर टर्बोचं सील आणि ब्रीदर तपासले असते.

टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून पाहिला. आडवा किंचित हलला, पुढे-मागे अजिबात नाही, पाती घराला घासलेली नाहीत. टर्बो बदलायचं काही कारण नव्हतं. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा जळका धूर परत इंजिनात सोडणारा) काढून काजळी साफ केली, पण लोडवर तो पूर्ण बंद होत होता. दोष त्याचा नव्हता.

आता पेडल. पेडलच्या सेन्सरमध्ये दोन स्वतंत्र ट्रॅक असतात. या गाडीत पहिला पाय वर असताना ०.७५ व्होल्ट आणि तळाला ३.९ च्या आसपास, दुसरा नेमका त्याच्या निम्मा. ईसीयू सतत पाहतो की दुसरा पहिल्याच्या निम्मा आहे ना. गुणोत्तर बिघडलं की कोड आणि लिंप मोड, म्हणजे ईसीयू ताकद कापून गाडी जेमतेम चालू ठेवतो. दोन मल्टिमीटर घेतले, एक पेडलच्या कनेक्टरला मागून सुई घालून आणि एक ईसीयूच्या बाजूला, वायर न सोलता. रस्त्यावर ५२ ओलांडताच पेडलच्या बाजूला ३.९ तसाच राहिला, ईसीयूच्या बाजूला २.० झाला. दुसरा ट्रॅकही त्याच प्रमाणात निम्म्यावर. गुणोत्तर शाबूत, म्हणून ईसीयूला संशय आला नाही. पेडल आणि ईसीयू यांच्या मधे काहीतरी बसलेलं होतं.

डॅशबोर्डच्या खाली स्टिअरिंगच्या डाव्या बाजूला ते सापडलं: स्पीड गव्हर्नरचा सीलबंद डबा. मालवाहू गाडीला ताशी ८० ची मर्यादा लागते आणि जुन्या गाड्यांना हा डबा बाहेरून बसवून घ्यावा लागतो. इलेक्ट्रॉनिक पेडलच्या गाडीत तो पेडलच्या वायरींच्या मधे बसतो, गिअरबॉक्सच्या सेन्सरकडून वेगाचे पल्स घेतो आणि मर्यादा आली की पेडलचे दोन्ही सिग्नल खाली आणतो. म्हणजे डबा आपलं काम चोख करत होता, फक्त ५२ ला त्याला ८० वाटत होते. डब्याच्या लेबलवर मॉडेल भलतंच होतं आणि त्याचा नंबर गाडीच्या कागदांतल्या प्रमाणपत्राशी जुळत नव्हता. दर किलोमीटरला किती पल्स येतात हा आकडा प्रत्येक मॉडेलला वेगळा असतो. दुसऱ्या गाडीचा डबा काढून, आकडा न बदलता, पासिंगपुरता इथे टाकलेला दिसत होता. उभ्या गाडीत वेग शून्य, त्यामुळे डबा पेडल पूर्ण सोडतो आणि शेडमधली चाचणी ० ते १०० दाखवते.

मालक म्हणाले, "काढून टाका ना तो डबा, दोन वायरी जोडल्या की झालं."

ते करायचं नाही. गव्हर्नर काढलेली गाडी पासिंगला अडकते, आणि अपघात झाला तर विम्याच्या वेळी नको ते प्रश्न निघतात. सील तोडणंही गॅरेजचं काम नाही. व्होल्टेजचे आकडे कागदावर लिहून गाडी अधिकृत फिटरकडे पाठवली. त्याने या मॉडेलचा डबा बसवला, पल्सचा आकडा भरला, सील लावून नवं प्रमाणपत्र दिलं. आधीच्या जोडणीत वायरी पीळ देऊन टेप मारलेल्या होत्या आणि तांब्याला हिरवा गंज चढला होता. पावसाळ्यात तिथेच पुढचा बिघाड झाला असता. आता सोल्डर आणि हीट-श्रिंक स्लीव्ह.

नोझलचा हिशेब बाकी होता, कारण मालकाच्या डोक्यात तो खर्च बसला होता. चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (जादा डिझेल परत नेणाऱ्या नळीला) चार मापाच्या बाटल्या लावून गरम इंजिन दोन मिनिटं आयडलला चालवलं. चारही पातळ्या जवळपास सारख्या आल्या. एखादी इतरांच्या दुप्पट झाली असती तर त्या इंजेक्टरवर बोट ठेवता आलं असतं. तसाही कॉमन रेलचा इंजेक्टर बदलला तर त्याच्यावर छापलेला मापाचा कोड ईसीयूत भरावा लागतो. तो न भरता चारही बदलले असते तर आयडलिंग बिघडून तिसरी तक्रार सुरू झाली असती.

पुन्हा बाराशे किलो, पुन्हा तोच पूल. २४०० आरपीएमला मागितलेला दाब १९०, प्रत्यक्ष १८७, इंजेक्शन ४१ मिलिग्रॅम. चढ तिसऱ्यात पार झाला. सपाटीला पेडल ७८ पर्यंत १०० टक्के राहिलं, मग हळूहळू उतरलं. मालकाला सांगून ठेवलं आहे की आठवडाभर लोडवर चालल्यावर क्लिपा एकदा तपासून घ्यायला या. नवा होज दाब आणि उष्णतेने थोडा बसतो आणि टी-बोल्टला अर्धा-पाऊण फेरा जागा होते.