चालवता चालवता नाही हो

‘सायकल चालवता चालवता तुम्ही एवढे फोटो काढता कसे?’ हा प्रश्न मला इतक्यांनी आणि इतक्या प्रेमाने विचारलाय की आता तो ऐकला की माझा चेहराच पडतो. विचारणाऱ्याचा त्यात काही दोष नाही. पण त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: ‘मग राइडची मजा जात नाही का?’ आणि जे जरा जवळचे असतात ते तिसरा विचारतात: ‘हल्ली ड्रॉपचे फोटो का नाही दिसत तुमचे?’ (आम्ही डोंगरवाटांवर सायकली चालवतो. ड्रॉप म्हणजे वाटेतली उंच पायरी, जिच्यावरून न उतरता सायकलसकट खाली जायचं.) पहिल्या दोघांना मी काहीबाही सांगून वाटेला लावते. तिसऱ्याला आजवर कधी खरं सांगितलेलं नाही. आता एकदा सगळं लिहूनच टाकते.

तर पहिलं. चालवता चालवता मी फोटो काढत नाही. थांबते, उतरते, सायकल झाडाला टेकवते, हातमोजा दातांनी ओढून काढते, पिशवीची चेन उघडते, लेन्सवरचा घाम पुसते आणि मग काढते. तोवर जे काढायचं होतं ते निघून गेलेलं असतं, तेव्हा उरतं त्याचा काढते. तुम्हाला जो ‘चालवताना काढलेला’ वाटतो, तो फोटो काढताना मी बहुतेक वेळा चिखलात पोटावर झोपलेली असते.

एका हाताने काढायचा प्रयोगही करून झालाय, काही महिने. मोबाइल उजव्या हातात, डावा हँडलवर. माझ्या सायकलला पुढचा ब्रेक डाव्या हाताला आहे. हे वाचून ज्यांच्या पोटात गोळा आला ते सायकलवाले, त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच, की उतारावर पुढचा ब्रेक लागला की अंगाचं सगळं वजन हातांवर येतं, आणि हात एकच असेल तर तो ते पेलत नाही, हँडल आडवं फिरतं. एका ओल्या मुळावर माझं फिरलं. कोपर सोललं, मोबाइलची काच गेली. शेवटचा फोटो मात्र निघाला होता: अर्धं आकाश आणि माझा अंगठा.

छातीला कॅमेरा बांधूनही पाहिला. त्यात माझे गुडघे येतात, आलटून पालटून, तासभर. हेल्मेटवर बांधला तर जो उतार बघून माझे पाय लटपटले होते तो पडद्यावर बागेतल्या वाटेसारखा सपाट दिसतो. या छोट्या कॅमेऱ्यांची लेन्स फार रुंद बघते. समोरचा उतार ती लांब ताणते आणि त्याची धार घालवते. त्यात उतरताना आपण मानही उताराकडेच झुकवलेली असते, म्हणजे कॅमेरा उताराशी समांतर होतो आणि चढउताराचा पुरावाच फ्रेममधून जातो. यावर उपाय आहे. बाजूला जाऊन, खाली बसून, फ्रेममध्ये सरळ उभी झाडं घेऊन काढायचा. झाडं उभीच वाढतात, त्यामुळे वाट किती कललीय ते डोळ्याला लगेच कळतं. पण बाजूला जाऊन खाली बसायचं म्हणजे पुन्हा थांबणं आलंच.

आता थांबण्याचं खरं कारण. इथपर्यंत वाचलंत म्हणून सांगते: सुरुवात दम लागतो म्हणून झाली. चढावर मी सगळ्यात मागे असायचे. नुसती थांबले की वर पोहोचलेले हाका मारायचे, ‘काय झालं? पंक्चर?’ हातात कॅमेरा असला की कोणी हाक मारायचं नाही. ‘फोटो काढतेय ती.’ छाती भात्यासारखी वरखाली होत असताना मी पानांवरच्या थेंबांचे फोटो काढलेत, शेकडो. सगळे हललेले. कारण उघड आहे.

मग त्या थेंबांतले काही बरे यायला लागले. मग लोक विचारू लागले, आज काढलेस का, आमचा आला का. आणि मागे राहणारी मी एकदम पुढे पाठवली जाऊ लागले. ‘तू आधी उतर, खाली जागा धर, आम्ही येतो.’ हे सुख काय असतं ते कायम शेवटी पोहोचणाऱ्यालाच कळेल. दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे मजा जाते का याचं, प्रामाणिक उत्तर इथे आहे: मला मजा त्यामुळेच मिळायला लागली. हे उत्तर मी कोणाला देत नाही, कारण ते ऐकायला बरं वाटत नाही. मी त्याऐवजी इतिहास सांगते.

तोही खोटा नाही. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत काही मंडळी जुन्या, जाड टायरच्या, जड सायकली घेऊन डोंगरावरून शर्यती लावत उतरायची. पेडल उलटं मारून लागणारे ब्रेक होते त्यांचे. एका उतरणीत मागच्या हबमधलं, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातलं, ग्रीस जळून जायचं आणि खाली आल्यावर हब खोलून पुन्हा भरावं लागायचं, म्हणून त्या रस्त्याचं नावच रिपॅक पडलं. त्या दिवसांचे फोटो आपल्याला बघायला मिळतात त्यांतले कितीतरी वेंडी क्रॅग या बाईंनी काढलेले आहेत. त्या बघ्या नव्हत्या, त्याच टोळीत सायकल चालवायच्या. म्हणजे माउंटन बायकिंग हा आमचा खेळ जन्माला आला तेव्हाच त्यातली एक बाई कॅमेरा घेऊन उतारावर थांबलेली होती. हे सांगितलं की दुसरा प्रश्न विचारणारे गप्प होतात.

एक जण झाला नाही. त्याने मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांचा 2014 सालचा अभ्यास माझ्या तोंडावर मारला. संग्रहालयात लोकांना फिरवलं, काही वस्तूंचे फोटो काढायला लावले, काही नुसत्या बघायला लावल्या. दुसऱ्या दिवशी विचारलं तर ज्यांचे फोटो काढले होते त्याच वस्तू कमी आठवल्या. ‘म्हणजे तू राइड विसरायची सोय करतेयस,’ तो म्हणाला. मी चिडले, मग घरी जाऊन तो अभ्यास शोधून वाचला. त्यात पुढे असं आहे की ज्यांनी वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला त्यांची आठवण तशी घसरली नाही. मी लगेच हे त्याला कळवलं. पण खरं विचाराल तर माझ्या बाबतीत दोन्ही चूक आहे. मला ट्रेल आठवते ती फोटो काढण्याच्या जागांची साखळी म्हणून. या वळणावर ऊन कधी येतं, या दगडामागे बसायला जागा आहे. मधला रस्ता मला येत नाही. तिथे मी आजही चाचपडत चालवते.

आणि आता तिसरा प्रश्न. पुढचं सगळं त्याचंच आहे.

आमच्या नेहमीच्या वाटेवर एक दगडाची पायरी आहे, साधारण कमरेइतकी. खाली मऊ माती, मग लगेच डावीकडे वळण. माझा एक मित्र, आमच्यातला सगळ्यात सावध, त्याने दोन वर्षं तिच्याकडे नुसतं बघून काढली. यायचा, थांबायचा, वाकून बघायचा आणि बाजूच्या वाटेने उतरायचा. एके दिवशी म्हणाला, ‘आज मारतो. तू खाली थांब.’

मी खाली थांबले. शटर 1/1000, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. खरं तर त्याहून जास्त वेग मला आवडत नाही. 1/2000 ला चाकाचा आरा न् आरा मोजता येतो, सायकल झाडाला दोरीने टांगून ठेवल्यासारखी दिसते. तो आला, एकदाही न अडखळता, अंग मागे, दोन्ही चाकं जवळजवळ बरोबर टेकली आणि वळणावरून निघूनसुद्धा गेला. दोन वर्षांची भीती एका सेकंदात संपली. मी बटण दाबून धरलेलं होतं. पडद्यावर बघितलं तर फोकस माझ्या पुढ्यातल्या गवताच्या पात्यावर. पातं सुरेख आलं होतं. मागे तो एक निळा डाग.

तो हसत परत आला, हेल्मेट काढलेलं, कानशिलं लाल. ‘आला?’

इथे मला दुसरं काहीही म्हणता आलं असतं. ‘आला’ म्हणता आलं असतं. ‘नाही आला, पण काय मारलास!’ असं म्हणता आलं असतं. मी म्हणाले, ‘एकदाच अजून.’

‘झालं ना आता,’ तो म्हणाला. हे मला नीट आठवतं, कारण त्यावर मी म्हणाले होते, ‘अरे, आता तर तुला येतंय.’

त्याने सायकल ढकलत वर नेली. मी यावेळी गवत पायाने आडवं केलं, फोकस दगडाच्या कडेवर लावून ठेवला. चोख तयारी. तो आला. पहिल्यापेक्षा थोडा हळू होता हे मला तेव्हाही कळलं, आणि कळूनही मला वाटलं ते हे, की बरं झालं, फ्रेम चुकणार नाही. वेग कमी पडला की पुढचं चाक आधी खाली जातं. गेलं. मी बटण सोडलं नाही. अकरा फोटो आहेत. आवाज फोटोत येत नाही. तो मात्र ऐकू आला, एक ठाक असा कोरडा, आणि मग चाक हवेत फिरत राहिल्याचा, टिकटिक टिकटिक, बराच वेळ.

मनगट. अंगठ्याच्या मुळाशी एक लहानसं हाड असतं, स्केफॉइड. त्याला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते भरायला वेळ घेतं, आणि मोडलेलं असलं तरी पहिल्या एक्स-रेत बरेचदा दिसत नाही. त्याचंही दिसलं नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा काढला तेव्हा रेघ दिसली. त्या दोन आठवड्यांत मी सगळ्यांना सांगत होते, ‘नुसता मुका मार आहे.’ माझ्यासाठीच सांगत होते.

फोटो मी त्याच रात्री बघितले. बघायचे नाहीत असं ठरवून बघितले. पहिल्या दोनांत विशेष काही नाही. तिसऱ्यात पुढचं चाक कडेवरून सुटलंय, मागचं अजून दगडावर आहे, मागून ऊन आलंय, मातीचा एकेक कण उजळलाय. मी काढलेला सगळ्यात चांगला फोटो आहे तो. आणि त्यात त्याचे डोळे जिथे उतरायचं त्या मातीवर नाहीत. सरळ लेन्समध्ये आहेत. माझ्याकडे. सायकल शिकवताना पहिल्याच दिवशी सांगतात, जिथे बघशील तिथे जाशील. तो माझ्याकडे बघत होता, कारण मी तिथे होते.

यावर माझ्यातली जुनी मी भांडते. तो काही लहान नाही, ती म्हणते. नाही म्हणता आलं असतं. आधी तुम्हीच एकमेकांना दहादा ‘परत मार’ म्हणत नव्हता का? होतो. आणि कॅमेरा नसता तरी तो जिंकल्याच्या भरात पुन्हा वर गेला नसता कशावरून? मला माहीत नाही. पण ‘झालं ना आता’ म्हणजे नाहीच असतं, आणि ते मला त्या क्षणी ऐकू आलं होतं. यापुढे ती गप्प बसते. मग आठवड्याने पुन्हा सुरू होते.

तो स्वतः म्हणतो, ‘मी माझ्यामुळे पडलो, तू उगाच भाव खाऊ नकोस.’ हात बरा आहे, सायकल चालवतो. त्याला तो तिसरा फोटो हवाय, मोठा करून भिंतीवर लावायला. दोन वेळा मागितला. मी बाकीचे दहा दिलेत. तिसरा मी देत नाही. का, ते मला त्यालाही नीट सांगता आलेलं नाही. एकदा ‘डिलीट झाला’ म्हणाले. झालेला नाही.

तेव्हापासून ड्रॉपपाशी कॅमेरा बाहेर काढायचा नाही असं ठरवलं. आता मी वळणं काढते, 1/60 किंवा 1/30 ला, सायकलीबरोबर कॅमेरा फिरवत. माणूस जरा स्पष्ट, मागची झाडं रेघा रेघा. दहातला एक येतो. नऊ वेळा कोणालाच काही करावं लागत नाही, ते आपले निघून जातात, मी एकटीच चुकते. तुम्हाला ‘ड्रॉपचे फोटो दिसत नाहीत’ ते यामुळे.

हे उत्तर इथे संपवता आलं असतं. पण गेल्या महिन्यात आमच्यात एक नवीन मुलगी आली. तिने तीच पायरी पहिल्याच दिवशी मारली, कोणाला न सांगता, आणि खाली येऊन सगळ्यात आधी मला शोधलं. ‘काढलात?’ कॅमेरा पिशवीत होता. नाही म्हटलं. तिचा चेहरा पडला, आणि मी काही बोलायच्या आत ती सायकल वळवून ढकलत वर निघाली. ‘थांबा, परत मारते.’

‘झालं ना आता,’ मी म्हणाले. तिने ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. आता ती वरून येणारच होती. मी काढला तर तिचं लक्ष माझ्याकडे जाईल, नाही काढला तर ती तिसऱ्यांदा वर जाईल. मी कॅमेरा बाहेर काढला, पायरीपासून लांब, बाजूच्या झाडाआड गेले आणि ओरडले, ‘इकडे बघायचं नाही!’

तिने बघितलं नाही. नीट उतरली. फोटो हललाय, माझा हात थरथरत होता. तिला मी तो अजून दाखवलेला नाही, कारण दाखवला की ती विचारेल, परत मारू का.