पुणे ते केडगाव: मंडळीच्या संजीवनासाठी पायी

पुण्याच्या मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चमध्ये, संजीवन सभा (थंडावलेला विश्वास पुन्हा जागा करण्याची सभा) ठरली की आधी मांडव, साउंड सिस्टीम आणि बाहेरगावचा वक्ता ठरतो. तीन संध्याकाळी गर्दी होते आणि पुढच्या आठवड्याच्या प्रार्थनेला पुन्हा तेच सहा-सात जण उरतात. मंडळीला संजीवन हवंच आहे, पण ते सभेतून येईल ही आशा आम्ही सोडली. आम्ही पुण्यातल्या क्वार्टर गेटहून पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या केडगावच्या मुक्ती मिशनला चालत जातो. सोलापूर रस्त्याने साधारण 60 किलोमीटर अंतर आहे. पहिला मुक्काम लोणी काळभोर, दुसरा यवत.

आषाढात तुकोबांची पालखी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाहून निघते आणि याच रस्त्याने पुढे जाते. तुकोबांच्या पुलावरूनच आपण ख्रिस्ताच्या पायाशी आलो, असं ख्रिस्ती झालेले मराठी कवी नारायण वामन टिळक सांगत. त्यामुळे टाळ घेऊन टिळकांची भजनं म्हणत चालण्यात आम्हाला काही परकं वाटत नाही.

माणसं बारा ते पंधराच घ्यावीत. वीसच्या वर गेली की रांग लांबते, पुढचे हडपसर गाडीतळाला पोहोचतात तेव्हा मागचे मगरपट्ट्याशी असतात. जानेवारी उत्तम. मात्र तेव्हा ऊस हंगाम जोरात असतो, आणि पहाटे दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्याविना जातात. म्हणून उजव्या कडेने, समोरची वाहनं दिसतील असं चालायचं आणि पहिल्या-शेवटच्या माणसाला चमकणारं जाकीट द्यायचं. बूट जुने, पायात मुरलेले हवेत. बोटांना व्हॅसलीन लावून मोजे घालावेत आणि दर दीड तासाने मोजे काढून पाय वाळवावेत. फोड आला तर त्याची कातडी सोलू नये, वर पट्टी चिकटवून चालावं.

पहिला तास मौनाचा. त्यानंतर बायबलच्या स्तोत्रसंहितेतली आरोहणस्तोत्रं. यरुशलेमेच्या सणांना जाणारे यात्रेकरू ती म्हणत असत असं मानलं जातं. 120 ते 134 अशी पंधरा स्तोत्रं आहेत, म्हणजे रोज पाच. चालता चालता वाचायला जाऊ नये, ट्रकच्या आवाजात काहीच ऐकू येत नाही. थांब्यावर एकाने मोठ्याने वाचावं, प्रत्येकाने एक ओळ धरावी आणि तीच घोळत पुढचा थांबा गाठावा. वाटणी अशी की 130वं, खोल गर्तेतून केलेला धावा, तिसऱ्या दिवशी पहाटे येतं. भावांनी एकोप्याने राहण्याचं 133वं चौफुल्याच्या आसपास येतं.

त्या दोन स्तोत्रांच्या आधी यवतची रात्र असते, आणि खरं काम तिथेच होतं. पश्चात्तापाचं स्तोत्र 51 वाचून पापांगीकार, म्हणजे आपलं पाप सगळ्यांसमोर कबूल करणं. यात बिघडायला फार वेळ लागत नाही. कुणी स्वतःच्या पापाऐवजी पंचांचं, पाळकांचं, सुनेचं पाप सांगू लागतो. कुणी एक रडला की बाकीच्यांना आपणही रडायला हवं असं वाटतं. म्हणून नियम कडक ठेवलेत: फक्त स्वतःचं सांगायचं, दुसऱ्याचं नाव नाही, गप्प बसलेल्याला आग्रह नाही. मंडळीच्या पैशाचा घोळ किंवा बाईला-मुलाला केलेली इजा पुढे आली तर ती प्रार्थनेत मिटवायची नाही. हिशोब उघडा करायचा, इजा झाली असेल तर कायद्याच्या दारात जायचं. बायबलातल्या जक्कय या जकातदाराने लुबाडलेलं चौपट परत देईन म्हटलं होतं. मंडळीच्या निवडणुकीत एकमेकांविरुद्ध उभे राहिलेल्यांची चालण्याची जोडी दुसऱ्या दिवशी लावावी. पहिल्या दिवशी पाय ताजे असतात आणि जीभही. लग्न जुळवताना जात विचारणारी घरं आमच्या मंडळ्यांत आजही आहेत. हे पाप कुणी आपणहून तोंडावर आणत नाही, त्यामुळे नेतृत्व करणाऱ्याने त्याचं नाव घेऊन विचारावं.

केडगावला 1905 साली जे संजीवन घडलं त्याची लोकांना रडण्या-ओरडण्याचीच आठवण आहे. त्याआधीचे महिने कुणी सांगत नाही. त्या जानेवारीत पंडिता रमाबाईंनी रोज संजीवनासाठी प्रार्थना करायला कोण येईल असं विचारलं, तेव्हा सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत साडेपाचशे जणी दिवसातून दोनदा जमत होत्या. महिनाअखेरीस पापाची जाणीव होऊन मुली रडू लागल्या. त्याच जूनमध्ये तीस जणी गावोगाव सुवार्ता सांगायला जाण्यासाठी तयार झाल्या. यातल्या कितीतरी मुली दुष्काळातून उचलून आणलेल्या होत्या. त्यांच्यासाठी अन्न, शाळा, माग, छापखाना आधीच उभा होता. रमाबाई स्वतः हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणायला बसल्या, ते काम 1922 साली मृत्यूपर्यंत चाललं आणि 1924 ला छापून निघालं. प्रार्थना, वचन, पश्चात्ताप, सेवा हे सगळं तिथे एकाच आवारात होतं. आम्ही मात्र त्यातली भावना तेवढी उचलतो आणि मांडवात मांडतो.

मुक्तीत जाण्याआधी परवानगी घ्यावी. तिथे मुली आणि स्त्रिया राहतात, त्यांचे फोटो काढू नयेत. रमाबाईंच्या कबरीशी भाषण नको, एक भजन पुरे.

परतायला केडगाव स्टेशनवरून पुण्याची गाडी मिळते. गाडीतच प्रत्येकजण तीन गोष्टी लिहितो: कुणाची माफी मागायची, कुणाला काय परत द्यायचं, रोज किती वाजता प्रार्थनेला बसायचं. कागद चालण्यातल्या जोडीदाराकडे राहतो. माफी आणि परतफेड येत्या प्रभुभोजनाच्या (मंडळीतल्या भाकर-द्राक्षरसाच्या विधीच्या) आत व्हायला हवी. झाली नाही तर जोडीदाराने घरी जाऊन विचारायचं. हा शेवटचा भाग बहुतेक गट टाळतात, कारण इथे चालण्यापेक्षा जास्त लाज लागते. तो टाळला की महिनाभरात सगळं पूर्ववत होतं, आणि कमिटी पुढच्या वक्त्याची तारीख मागायला लागते.